तेरा खोल्यांच्या सनदेची कैफियत

श्री सिद्धेश्वर प्रसन्न.

शके एकोणीसशे पंचवीस, मार्गशीर्ष मासी, शहर लातूर, शिकवण्यांची पेठ, तेथे अण्णाराव यांचे तेरा खोल्यांचे मुलींचे वसतिगृह, त्यात नियमावलीवरून कलह उत्पन्न जाहला आणि तो अकरा दिवस चालला. मनुष्यहानी जाहली नाही. एक प्लास्टिकची बादली फुटली आणि एक कुलूप कामी आले. कोणी म्हणतात पोरी माजल्या, कोणी म्हणतात म्हातारा विरघळला. तरी जे घडले ते पुढीलप्रमाणे.

भूकंपास दहा वर्षे जाहली होती. पडले ते लोकांनी बांधिले, आणि मग शहराची कीर्ती मार्कांमुळे चहूकडे पसरली, आणि बिलोली, देवणी, उदगीर, निलंगा ऐशा ठिकाणांहून दर ज्येष्ठ मासी फौजा येऊ लागल्या. एकेका शिलेदारामागे एक ट्रंक, एक गादी, एक तुपाचा डबा आणि एक रडणारी आई. ज्याचे घरी दोन खोल्या त्याने पाटी लाविली की वसतिगृह. ज्याचे घरी एकच खोली त्याने पाटी लाविली की वसतिगृह, शांत वातावरण. शेळ्यांचे छपर होते तेथे अभ्यासिका जाहल्या. शेळ्या कोठे गेल्या याचा तपास लागत नाही.

अण्णारावांचे वसतिगृह सात वर्षांचे. ते काढण्याची मसलत त्यांची स्त्री चतुराबाई यांची. मागे मोठे अंगण ठेवावे हाही हट्ट त्यांचाच. आणि परक्याच्या लेकी सांभाळायच्या म्हणोन अण्णारावांनी पुढचे कचेरीच्या खोलीत निजावे व आपण आत मुलींत निजावे, हीही तजवीज बाईंनीच केली. अण्णारावांस ती शहाणपणाची वाटली आणि त्यांनी खाट पुढे आणिली. आतला अंमल सर्वस्वी बाईंचा. त्या अमलात कागद नव्हता. चाचणीत मार्क पडले नाहीत तर जेवताना कोणी मार्क विचारीत नसे. घरचे पत्र फोडले जात नसे. पोट दुखे तिला बंबातले पाणी केव्हाही मिळे. रमजानात बिलोलीच्या आलियासाठी पहाटेच्या भाकरी फडक्यात बांधून ठेविलेल्या असत. हे सारे कोणी मागितले नव्हते आणि कोणी दिले ऐसेही म्हटले नव्हते.

श्रावणात बाईंस ताप आला आणि आठवे दिवशी त्या वारल्या. मग अण्णारावांचे चित्त कशात राहिले नाही. स्वयंपाकीण सिद्धम्मा सकाळी चहा आणी, तेव्हा ते म्हणत दुसरा कोठे आहे. सिद्धम्मा पुढे दोन कप आणू लागली आणि एक निवलेला परत नेऊ लागली. ऐशा समयी राज्य पोरके पाहून कारभार हाती घेण्यास जो मनुष्य पुढे येतो तो आला.

राजमान्य राजश्री गुरुबसप्पा, मुक्काम निलंगा, हल्ली वस्ती लातूर, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणोन निवृत्त. अण्णारावांचे बालपणचे स्नेही. मनाचे वाईट नव्हेत. परंतु बत्तीस वर्षे दुसऱ्यांचे मसुदे नकलून त्यांस आपला एक मसुदा करण्याची भूक लागली होती. त्यांनी पेठ हिंडून पाहिली आणि अण्णारावांस अर्ज केला की, पलीकडच्या वसतिगृहाचे बावन्न नियम आहेत आणि आईबाप दारात उभे राहून नियम मोजतात, ज्याचे नियम जास्त त्याच्या गाद्या आधी भरतात, आणि आपले येथे एकही नाही, ही गोष्ट अब्रूची नव्हे. अण्णाराव म्हणाले, करा. त्या दिवसांत ते सर्व गोष्टींस करा म्हणत.

मग गुरुबसप्पांनी चार दिवस कोंडून घेऊन बेचाळीस कलमे रचली. कलम सहा, स्नानास सहा मिनिटे. कलम नऊ, फोनवर तीन मिनिटे. कलम सतरा, अभ्यासाचे वेळेत रडू नये. रडणे जाहल्यास साडेआठ ते नऊ. कलम तेवीस, रात्री दहा वाजता खोल्या आणि अंगण यांमधील चॅनल गेटास बाहेरून कुलूप पडेल आणि किल्ली कारभाऱ्यांकडे राहील. कारभाऱ्यांचे घर तीन गल्ल्या पलीकडे. आणि बेचाळिसावे कलम ऐसे की, तेरापैकी नऊ खोल्यांच्या सह्या होताच नियमावली सर्वांस लागू, आणि जी खोली रविवारपावेतो सही न करील तिने खोली सोडावी. सहीवाचून कागद हा कागदच नव्हे, ही त्यांची कचेरीतली निष्ठा, आणि हीच पुढे त्यांच्या मसलतीचा घात करणारी जाहली. नुसता हुकूम डकविता तर कोणी चकार शब्द न काढती. सही मागितली म्हणोन पोरींच्या ध्यानी आले की नाहीही म्हणता येते.

पहिले दोन दिवशी आठ खोल्या पडल्या. एक खोली धाकाने, तीन आळसाने, चार खोल्या सही करील तिला बंबाचे पाणी आधी या जाहिरनाम्याने. या शेवटच्या लढाईत बादली फुटली. उरल्या पाच. त्यांत पाचवी खोली आलियाची, आणि जिन्याखालची तेरावी, जीत एकच गादी मावे, ती सृष्टीची.

सृष्टीचे वर्तमान ऐसे. भूकंप जाहला तेव्हा ती सात वर्षांची. आजोबा अंधारात रानात पाणी द्यायला जाताना, कुत्रे शिरू नये म्हणोन, दाराला बाहेरून कडी घालीत, गावात सारेच घालीत. त्या पहाटेही घातली. मग धरणी हलली. दुसरे दिवशी दुपारी तिला काढिले. आईस काढिले ते संध्याकाळी. पुढे ती देवणीस मामाकडे वाढली आणि आता बारावीस होती आणि परीक्षा दोन महिन्यांवर होती. कडी लावलेल्या घरात तिला झोप येत नसे. म्हणोन तेविसाव्या कलमाखाली तिची सही होणे नव्हते, आणि सही न करिता रविवारी तिला देवणीचा रस्ता होता, आणि देवणीहून परीक्षेचा अभ्यास होणे नव्हते. गुरुबसप्पांनी विचारले कारण काय, तर ती बोलेना. ज्याची आई दाराआड गेली त्याने तेच कारण दर माणसास पुन्हा पुन्हा सांगावे, हे तिला जड जाई. गुरुबसप्पांनी शेरा मारिला की, हट्टी.

आता आलियाचा भाऊ वकार नांदेडास इतिहास घेऊन बी.ए. करीत होता. त्याच्या जुन्या पुस्तकाची पाने सुटली, ती घेऊन आलियाने आपले भौतिकशास्त्राच्या पुस्तकास कव्हर घातले होते. सहीचा तगादा चालू असता तिची नजर त्या कव्हरावर गेली आणि तिने वाचिले, आणि मग पाचही खोल्या गोळा करून मोठ्याने वाचून दाखविले.

त्यात मजकूर ऐसा. अमेरिका मुलुखी इंग्रजाचा अंमल उठला आणि तेरा सुभे मोकळे जाहले. त्यांचे आपसांत जुळेना, म्हणोन मोठमोठे मुत्सद्दी भर उन्हाळ्यात खिडक्या लावून चार महिने बसले आणि राज्याची घटना रचिली, आणि ठराव केला की तेरापैकी नऊ सुभ्यांनी मान्य करावी म्हणजे अंमल सुरू. कागदात राज्याने काय काय करावे ते सर्व होते. परंतु रयतेचे काय काय राखावे त्याची यादी नव्हती. तेव्हा सुभ्यांतून लोक उठले की यादी द्या. मुत्सद्दी म्हणाले, राज्य तुमचेच आहे, त्यास यादी कशास. त्यांत एक ठेंगणा, अंगाने किरकोळ, डोक्याने सर्वांत थोर, तोही म्हणाला की कागदी तटांनी कोणाचे रक्षण होत नाही. आणि दुसरे कित्येक म्हणाले, यादी करणे उलट धोक्याचे आहे, कारण

येथे कव्हर संपले. पुढचे पान रसायनशास्त्रास घातले होते आणि ते पुस्तक उन्हाळ्यात रद्दीत गेले होते.

तरी एवढ्या अर्ध्या हकिकतीने पोरींस बळ आले. तेरा ते तेरा आणि नऊ ते नऊ, हे पाहून कित्येकींच्या अंगावर काटा आला. गुरुबसप्पांवर चोरीचा आळ आला, तो खोटा. त्यांनी अमेरिकेचे नावही जावयाच्या नोकरीसंबंधानेच ऐकिले होते. मग पाच खोल्यांचा वकील होऊन आलिया कचेरीच्या खोलीत आली आणि मागणे केले की, नियम असू द्या, आम्ही सही करितो, परंतु मामींच्या, म्हणजे चतुराबाईंच्या, वेळी जे होते त्याची यादी करून खाली जोडा.

गुरुबसप्पांनी उत्तर दिले ते कचेरीच्या वळणाचे. एक, या घराचे मनात मुलींविषयी वाईट नाही, म्हणोन यादीचे प्रयोजन नाही. दोन, यादीत आठ गोष्टी लिहिल्या तर नववी मागणारीस उद्या कोणीही सांगेल की कागदावर नाही. म्हणोन न लिहिण्यातच मुलींचे हित आहे. हे दुसरे बोलणे बिनतोड होते. कव्हर जेथे संपले होते ते वाक्य निलंग्याच्या कारकुनाने पुरे केले होते.

मग अण्णाराव बोलले, आणि आवाज चढला नाही.

"तिनं दिलेलं तुमी कागदावर मागून राहिलात. तिच्यावर इस्वास न्हवता का तुमचा?"

आलिया म्हणाली, "मामी होत्या तवर कागद लागला न्हाई मामा. आता मामी न्हाईत."

हे ऐकून अण्णाराव उठून पुढच्या ओट्यावर गेले आणि वकिलात बरखास्त जाहली. चार महिन्यांत हे वाक्य त्यांच्यापुढे कोणी बोलले नव्हते. सर्व म्हणत, बाईंचा आशीर्वाद आहे, बाई इथंच आहेत.

दुसरे दिवशी आलियाने नांदेडास फोन लाविला. वकार दुपारी ज्या हॉटेलात चहा घेई तेथला नंबर. कलम नऊ अजून लागू नव्हते, तरी गुरुबसप्पा सरावासाठी घड्याळ धरून उभे राहिले. वकार गल्ल्यापाशी येईपावेतो दोन मिनिटे गेली, आणि मग तो सांगू लागला की, पुढे तो ठेंगणा मुत्सद्दी होता त्याने... आणि गुरुबसप्पांचे बोट फोनवर पडले. अण्णाराव खाटेवर बसून ऐकत होते. त्या ठेंगण्याने काय केले, हे त्यांस कळले नाही, आणि ते त्यांस खुपू लागले.

शुक्रवारी नववी खोली पडली. सातव्या खोलीतल्या दोघी जणी, पैकी एक सर्दीने बेजार, तिने गरम पाण्यासाठी सही केली, आणि तिच्या जोडीदारणीने तिच्याशी बोलणे सोडिले. गुरुबसप्पांनी पेढे वाटिले आणि नवे सात लिव्हरचे कुलूप आणून कचेरीच्या मेजावर ठेविले, वर हळद वाहिली. रविवारी सायंकाळी अंमल. मग उरलेल्या चारांत फाटाफूट सुरू जाहली. सृष्टीने कोणास न सांगता ट्रंकेत पुस्तके भरली. तीवर गादी बांधली. सिद्धम्मा भाजी निवडता निवडता तिच्याकडे पाहत राहिली.

शनिवारी दुपारी पोरी क्लासास गेल्या, गुरुबसप्पा जेवणास गेले, आणि मग अण्णारावांनी आपणच नांदेडचा नंबर फिरविला.

वकार म्हणाला, "कोन? अण्णाचाचा?"

अण्णाराव म्हणाले, "हाव. त्या बुटक्याचं काय झालं पुढं?"

मग वकाराने चहा पीत पीत सर्व सांगितले, आणि घड्याळ कोणी धरिले नव्हते. सांगितले ते ऐसे की, नऊ सुभे जाहले तरी लोक थंड होईनात. कित्येकांनी मान्यता दिली ती या भरवशावर की यादी मागाहून जोडावी. सगळ्यांत धाकटा सुभा तर शेवटपावेतो अडून राहिला. तेव्हा ज्याने कागदी तट म्हणोन थट्टा केली होती तोच ठेंगणा मुत्सद्दी उभा राहिला आणि म्हणाला, यादी मी करितो.

"ज्यानं नको म्हणलं त्यानंच बसून लिव्हली, चाचा. अन् ते जे म्हणत व्हते का, न लिव्हलेलं बुडंल, त्येचंबी त्यानं केलं. यादीतच एक कलम टाकलं. यादीत न्हाई म्हणून न्हाईच, असं कुनी समजू नये."

अण्णारावांनी फोन ठेविला. मग बराच वेळ कुलपाकडे पाहिले.

रविवारी सकाळी दरबार भरला. जागा अंगण. तेरा खोल्या एका अंगास, गुरुबसप्पा नियमावलीसह दुसरे अंगास, मध्ये सिद्धम्मा पोळ्यांची कणीक मळीत. अण्णारावांनी चाचणीची पाठकोरी प्रश्नपत्रिका मांडीवर घेतली आणि हुकूम केला की, चतुराबाईंचे अमलात काय काय होते ते सिद्धम्माने सांगावे आणि आम्ही लिहितो. गुरुबसप्पांनी कैफियत मांडली की, अण्णा, नऊ सह्या जाहल्या, आता मागे फिरणे कायद्यात नाही. अण्णाराव म्हणाले, मागे फिरत नाही, खाली जोडतो.

सिद्धम्मा कणकेचा हात तसाच ठेवून सांगत गेली. पत्र फोडू नये. जेवताना मार्क विचारू नयेत. पोट दुखे तिला पाणी. रोजेवालीची भाकरी. दुसऱ्यांदा भाजी मागितली तर वाढणारीने तोंडाकडे पाहू नये. रडण्यास वेळ नेमू नये. अण्णारावांनी ऐसी आठ कलमे उतरविली. यांतील तीन त्यांस नवीन होती, आणि दर नव्या कलमास ते थोडे थांबत.

मग आलियाने सृष्टीचा हात धरून तिला पुढे आणिले. सृष्टी खाली पाहून म्हणाली की, भीती वाटेल तिला अंगणात निजता यावे, गेट उघडे असावे, आणि का म्हणून कोणी विचारू नये.

येथे गुरुबसप्पा उसळले. मुलीच्या जातीने उघड्यावर निजावे ऐसे बाईंनी कधी दिले नसेल, ही घुसडलेली गोष्ट आहे. आणि अण्णारावही म्हणाले की, पोरी, जे होते तेवढेच लिहायचे आहे, नव्हते ते तिच्या नावावर कसे लिहू. भूकंपानंतर महिनाभर सारी गल्ली पत्र्याखाली निजत होती, तेव्हाही चतुरा पहिली घरात आली. ती भिणारी नव्हती.

सिद्धम्माने परातीतले हात काढिले.

"हितं दोन हंतरुणं पडत हुती मालक," ती म्हणाली. "शेवग्याखाली. एक हिचं पडाय लागलं आंदा दोन वर्सं. दुसरं पहिल्यापासनं हुतंच."

अण्णारावांनी विचारले, कोणाचे.

"बाईंचं. त्येंला छपराखाली झोपच न्हवती. सात वर्सं बघून राहिले मी. थंडीत, उन्हाळ्यात. पाऊस आला की जिन्याखाली बसायच्या, दार उघडं ठिवून."

अण्णारावांस मग एकेक उमगू लागले. भूकंपानंतर महिन्याने गल्लीसमोर आपणच बोललो होतो की, भित्र्यांनी पत्र्याखाली राहावे, आमचे घर घरात निजेल. त्यावर ती भांडी उचलून आत आली. पुढे तीन वर्षे ती कोंबडा आरवण्याआधी पाणी भरायला म्हणोन उठे आणि आपण लोकांस सांगत असू की बायको कामसू आहे. मग वसतिगृह. मग मोठे अंगण. मग तुम्ही पुढे निजा. सात वर्षांची तजवीज, आणि कारण सांगितले ते परक्यांच्या लेकींचे. आपण एकदा विचारिले असते तर तिने सांगितले असते, की विचारिले म्हणोनच न सांगती, याचा निवाडा आता होणे नाही.

ते सिद्धम्मास म्हणाले, "मला बोललीस न्हाईस कधी."

सिद्धम्मा म्हणाली, "बाई म्हणल्या, त्येंला वाटतं मी भेत न्हाई. वाटू द्या. त्येंला बरं वाटतं."

गुरुबसप्पांनी नियमावली घडी करून खिशात घातली. बत्तीस वर्षांत ऐसा पुरावा त्यांचे पुढे आला नव्हता, आणि त्यावर कोणता शेरा मारावा हे त्यांस सुचले नाही.

अण्णारावांनी नाक पुसले आणि लिहू लागले. नववे कलम ऐसे लिहिले की, ज्यास भीती वाटेल त्याने अंगणात निजावे. गेटास रात्री कुलूप घालू नये. आणि कारण विचारू नये. मग कागदात थोडी जागा उरली. त्यांनी सिद्धम्मास विचारिले की, आणखी काय होते. सिद्धम्मा म्हणाली, आठवेल तसे सांगेन, सारे मलाबी कुठे ठाऊक. तेव्हा अण्णारावांनी नांदेडचे बोलणे आठवून दहावे कलम लिहिले की, वर जे लिहिले नाही ते नव्हते ऐसे कोणी समजू नये. तिने काय काय दिले त्याचा हिशेब या घरास ठाऊक नाही.

मग तह पुरा जाहला. बेचाळीस कलमे राहिली, त्यांत तेविसावे रद्द, सतरावे गुरुबसप्पांनी आपणच खोडिले. दहा कलमे खाली जोडली. गुरुबसप्पांनी तांबड्या शाईत नक्कल केली, मार्जिन आखले, आणि ती इतकी देखणी उतरली की आईबाप पुढे दारात उभे राहून तीच आधी वाचू लागले, आणि पलीकडच्या वसतिगृहाने त्रेपन्नाव्या नियमाचा बेत सोडिला. चार खोल्यांच्या सह्या जाहल्या. शेवटची सही तेराव्या खोलीची. अक्षर वाकडे, तारीख बरोबर. ट्रंक उघडून पुस्तके परत मांडली. सातव्या खोलीत बोलणे सुरू जाहले. सात लिव्हरचे कुलूप सिद्धम्माच्या हवाली केले, ते तिने लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर, फडके उडू नये म्हणोन, वजन नेमिले. हल्ली ते त्याच चाकरीत आहे.

येणेप्रमाणे तेरा खोल्यांची फत्ते जाहली, आणि ज्याचा पराभव जाहला त्यानेच ती स्वहस्ते लिहून दिली.

त्या दिवशी दिवेलागणीस सिद्धम्माने सवयीने शेवग्याखाली दोन अंथरुणे घातली. एकावर सृष्टी वही घेऊन बसली. अण्णाराव कचेरीच्या दारातून पाहत होते, त्यांनी उचला म्हटले नाही. दुसरे अंथरूण कोणाचे, हे सनदेत लिहिलेले नाही. म्हणोन ते कोणाचेच नाही, ऐसे कोणी समजू नये.